वजन उतरता उतरता अडलं, तर व्यायामात काय बदलायचं?

पहिले काही महिने वजन भराभर उतरतं आणि मग एका आकड्यावर ठाण मांडून बसतं. अशा वेळी बहुतेक जण जेवण आणखी कमी करतात. आधीच कमी खाणाऱ्यासाठी हा सगळ्यात वाईट उपाय, कारण त्यात चरबीसोबत स्नायूही झिजतात.

मुळात वजन खरंच अडलंय का, ते पाहा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. खारट जेवण, मासिक पाळी किंवा बद्धकोष्ठता यांमुळे किलोभराचा फरक सहज पडतो. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही आणि कंबरेचं मापही तेवढंच राहिलं, तरच वजन अडलं म्हणायचं.

अडतं ते का? ८० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर साधारण २८० कॅलरी खर्च होतात. तोच ७० किलोचा झाला की त्याच चालण्याला २४५ पुरतात. विश्रांतीतला खर्चही उतरतो, आणि तो नुसत्या घटलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त उतरतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी. शिवाय ते नकळत हालचालीच टाळू लागले. वजन दहा टक्के उतरल्यावर स्नायूही काटकसर शिकतात: तेच काम कमी इंधनात करतात. ही बचत सावकाश, हलक्या कामात सर्वांत जास्त दिसते. म्हणूनच वर्षभर त्याच रस्त्याने त्याच चालीने फिरणाऱ्याचं वजन पुढे सरकत नाही.

तेव्हा पहिला बदल म्हणजे वजनं उचलण्याचा व्यायाम, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. उठाबशा, पुशअप (जमत नसतील तर भिंतीला टेकून), कंबरेतून वाकून डंबेल पोटाकडे ओढणं आणि पाठ सरळ ठेवून जमिनीवरून वजन उचलणं, एवढं पुरे. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा. वजन असं निवडा की सेट संपताना आणखी दोनदाच जमलं असतं. तिन्ही सेटमध्ये १२ पूर्ण झाले की वजन थोडं वाढवा. हे वाढवणं राहून गेलं की दोन महिन्यांत हाही व्यायाम सवयीचा होतो.

स्नायू वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, असं जिममध्ये सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खातो. या व्यायामाचं खरं काम आहे ते कमी खातानाही असलेले स्नायू टिकवणं. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत; मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातल्या एका चालण्यात वेग आणा: दहा मिनिटं सावकाश, मग एक मिनिट बोलता येणार नाही इतकं भरभर आणि दोन मिनिटं हळू, असं सहा ते आठ वेळा. ट्रेडमिलवर असाल तर कठडा धरू नका. धरला की शरीराचा भार हातांवर जातो, मेहनत घटते आणि पडद्यावरचा कॅलरीचा आकडा मात्र तसाच पळत राहतो. त्या आकड्यावर विसंबून जास्त खाणं ही तर नेहमीचीच चूक.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उरलेला दिवस. सकाळी घाम गाळून दिवसभर खुर्चीत बसलात, तर कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. आठवडाभर पावलं मोजा आणि त्या सरासरीत रोजची दीड-दोन हजार वाढवा. हे सगळे बदल एकाच आठवड्यात सुरू केले, तर थकवा आणि भूक दोन्ही उसळतात. आधी पावलं, दोन आठवड्यांनी वजनं, त्यानंतर वेग.

वजनं सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काटा थोडा वरही जाईल. दुखणाऱ्या स्नायूंमध्ये पाणी साठतं, म्हणून. तोवर कंबर मोजा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोस बदलायचा का, हे आधीच विचारून ठेवावं. चालताना छातीत दाब येत असेल, तर तपासणी होईपर्यंत वेगाचा भाग नकोच.