४.९ व्होल्टचा घोळ

विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यातल्या, सोडियम जास्त असलेल्या खारपाणपट्ट्याच्या मातीतला पालाश (पोटॅशियम) फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीतल्या प्रकाशावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर मोजला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. यंत्र बिघडलेलं नसतं. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढणं म्हणजे उत्तेजन, अणू सोडून जाणं म्हणजे आयनन. ज्योतीत दोन्ही एकाच वेळी चालू असतात. या दोहोंची गल्लत खुद्द भौतिकीत पाच वर्षं टिकली होती.

मूलद्रव्यांच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा एकोणिसाव्या शतकातच मोजून झाल्या होत्या. त्या का पडतात, याचं पटणारं उत्तर १९१३ला आलं: इलेक्ट्रॉनला ठरावीक पातळ्याच मिळतात. हायड्रोजनमध्ये पहिलीवरून दुसरीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एका व्होल्टमधून जाताना इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लागतात, अणूबाहेर पडायला १३.६.

पुढच्याच वर्षी जर्मनीत दोघांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन जाळीकडे ओढायचे, जाळीमागच्या पट्टीवर थोडं विरुद्ध व्होल्टेज ठेवायचं आणि जाळीचं व्होल्टेज हळूहळू वाढवत प्रवाह वाचायचा. दर ४.९ व्होल्टला प्रवाह धाडकन पडे, कारण तेवढी ऊर्जा पाऱ्याच्या अणूला देऊन मंदावलेले इलेक्ट्रॉन पट्टीपर्यंत पोचत नसत. हीच पाऱ्याची आयनन ऊर्जा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चूक समजण्यासारखी होती. आयन तयार झाले का, हे तेव्हा पट्टीवर धन प्रभार येतो का यावरून ठरवत. पण वाफेतून निघालेला अतिनील प्रकाश पट्टीवर पडला की पट्टीतूनच इलेक्ट्रॉन उडत, आणि मीटर धन आयन आल्यासारखाच हले. १९१५ला आक्षेप आला. १९१७ला न्यूयॉर्कमध्ये आणखी एक जाळी घालून दोन्ही परिणाम वेगळे करून दाखवले गेले. त्या दोघांनी चूक मान्य केली ती १९१९ला. ४.९ ही नुसती चढण होती. पाऱ्याचा इलेक्ट्रॉन सुटतो तो १०.४ला. ४.९ चढलेला इलेक्ट्रॉन उतरताना २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतो. पाऱ्याच्या ट्यूबलाइटचा पांढरा लेप त्यानेच उजळतो, यूव्ही फिल्टरमधले जंतू त्यानेच मरतात. १९२५चं नोबेल याच कामाला मिळालं. शिकवताना मात्र मधली पाच वर्षं गाळतात, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

शब्दांचा गुंताही तिथूनच. व्होल्टमध्ये मोजत म्हणून ‘आयनन विभव’ म्हणत, पण मोजली जाते ती ऊर्जा. पुढे ‘आयनन एन्थाल्पी’ आली, किलोज्यूल प्रति मोलमध्ये. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला इंग्रजी पुस्तक हाती घेणाऱ्या खेड्यातल्या मुलांना हायड्रोजनचे १३.६ आणि १३१२ एकच आहेत, हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

आता ती माती. ५ ग्रॅम माती, २५ मिलि अमोनियम ॲसिटेट, सामू (pH) ७. ५ मिनिटं हलवून गाळायचं आणि गाळलेलं द्रावण ज्योतीत फवारायचं. ज्योतीत पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट चढतो, आणि उतरताना जो ७६६.५ नॅनोमीटरचा प्रकाश देतो तो यंत्र वाचतं. पण पोटॅशियमची आयनन ऊर्जा अवघी ४.३४, म्हणून काही अणू इलेक्ट्रॉन गमावून त्या रेषेपुरते मुके होतात. नमुन्यातल्या सोडियमचे इलेक्ट्रॉन ज्योतीत मिसळले की पोटॅशियमचं आयनन मागे हटतं आणि प्रकाश वाढतो. एलपीजीच्या ज्योतीत फरक थोडा, ॲसिटिलीनच्या जास्त तापलेल्या ज्योतीत बराच. नमुना ज्याच्याशी ताडतात त्या प्रमाण द्रावणात सोडियम नसेल, तर चूक थेट मृदा पत्रिकेवर उतरते. त्यावर उपाय सिझियम क्लोराइडचा. सिझियमची आयनन ऊर्जा ३.८९, त्यामुळे ज्योतीला इलेक्ट्रॉन तेच पुरवतं आणि सोडियमच्या कमीजास्तीने फरक पडत नाही. ते नमुना आणि प्रमाण द्रावण, दोन्हींत सारखंच आणि भरपूर घालायचं. एकट्या नमुन्यात घातलं, तर आकडा आणखी वर जातो.