कण्याच्या बाकाची शस्त्रक्रिया: काय मिळतं, काय जातं

शस्त्रक्रियेचा विषय निघतो तेव्हा मुलगी बहुधा ठणठणीत असते. शाळेत जाते, खेळते, पाठ दुखलीच तर जुजबी. अशा धडधाकट मुलीच्या कण्यात स्क्रू आणि रॉड बसवायचे म्हटल्यावर आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. किशोरवयात, ठोस कारण न सापडता येणारा कण्याचा बाक, म्हणजे इडिओपॅथिक स्कोलिओसिस, मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त बळावतो. त्यावरची शस्त्रक्रिया आजच्या त्रासासाठी क्वचितच होते. ती पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा विचार करून होते. हे ध्यानात घेतलं नाही तर फायद्या-तोट्याचा सगळा हिशेब चुकतो.

या हिशेबात पहिला येतो कोन. एक्स-रेवर बाकाच्या दोन्ही टोकांचे सर्वांत कललेले मणके शोधून त्यांच्या कडांना रेषा आखतात. त्या रेषांमधला कोन म्हणजे कॉब कोन. १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. वाढ शिल्लक असलेल्या मुलांना साधारण २५ ते ४५ अंशांमध्ये ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा आधार, देतात, आणि ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. ब्रेसला कमी लेखू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घेतलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला; न घेतलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. आणखी एक गोष्ट: एकच एक्स-रे दोघांनी मोजला तरी पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. ४४ चे ४८ झाले एवढ्यावरून घाबरून तारीख ठरवू नये.

५० अंशांना एवढं महत्त्व का? छातीच्या भागातला त्याहून मोठा बाक उंची थांबल्यावरही सरासरी वर्षाला एखादा अंश वाढत राहतो. ३० च्या आतला सहसा वाढत नाही. आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी उपचार न घेतलेल्या रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात पाठदुखी जास्त आढळली, पण बहुतेकांनी नोकरी-संसार सांभाळत चारचौघांसारखं आयुष्य काढलं होतं. धाप लागण्याचा त्रास मुख्यतः ८० अंशांपुढच्या छातीच्या बाकांत दिसला. म्हणजे शस्त्रक्रिया टाळली तर मुलगी अंथरुणाला खिळेल, ही भीती निराधार आहे. आणि काहीच होणार नाही, हा दिलासाही खोटा आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत मणक्यांमध्ये स्क्रू बसवून रॉडच्या आधारे कणा शक्य तितका सरळ करतात, मणक्यांमधले छोटे सांधे खरवडतात आणि तिथे हाडाचे तुकडे पेरतात. पुढच्या काही महिन्यांत ते मणके जुळून एकसंध हाड होतं. खरा आधार त्या हाडाचाच. ते जुळलं नाही तर धातूचा रॉड कालांतराने तुटतो. बाक बऱ्याचदा निम्म्याहून जास्त कमी होतो, पूर्ण जात नाही. बरगड्यांचा उंचवटा कमी होतो, थोडा उरतो. दिसण्यातला हा फरक वरवरचा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. चौदाव्या वर्षी त्याचं ओझं मोठं असतं. पाठदुखी थांबेलच, असं मात्र कुणी सांगू शकत नाही.

तोट्यांमध्ये सगळ्यांना आधी आठवतो तो लकवा. किशोरवयीन इडिओपॅथिक रुग्णांत नसांना इजा होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे, आणि त्यातले बरेच जण सावरतात. पूर्वी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच भुलीतून जागं करून पाय हलवायला सांगत. आता मज्जारज्जूचे विद्युत संदेश सतत तपासले जातात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं हे धोकेही आहेत. प्रौढांत आणि स्नायू-मज्जातंतूंच्या आजारांमुळे आलेल्या बाकांत सगळेच धोके बरेच वाढतात.

पण एक तोटा शंभर टक्के होतोच, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं: जुळवलेला भाग पुन्हा कधीच वाकत नाही. छातीचा कणा बरगड्यांमुळे मुळातच कमी वाकतो, त्यामुळे तिथे फारसं जाणवत नाही. कमरेचं तसं नाही. जोड कमरेच्या पहिल्या मणक्यावर थांबला तर मुलगी पुष्कळशी पूर्ववत वाकते; चौथ्यापर्यंत गेला तर खाली मणक्यांमधल्या मोजक्याच मोकळ्या चकत्या उरतात आणि वाकण्या-वळण्याचा सगळा ताण त्यांच्यावर येतो. उलट जोड फार वर थांबला तर खालचा कणा पुन्हा वाकडा होऊ शकतो. १९६० च्या दशकातल्या हॅरिंग्टन रॉडने बाक सरळ केले, पण कमरेचं नैसर्गिक खोलगट वळणही सपाट केलं, आणि काही रुग्ण पुढे वाकून चालू लागले. आता बाजूने दिसणारी वळणंही जपावी लागतात, हे त्यातूनच कळलं.

म्हणून सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न यशाच्या टक्क्यांचा नसावा. ‘जोड कोणत्या मणक्यापर्यंत, आणि तिथपर्यंतच का?’ हे विचारावं. उजवी-डावीकडे वाकून काढलेले एक्स-रे समोर ठेवून त्याचं उत्तर देता येतं. दुसरा प्रश्न, ‘सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?’ वाढ संपत आलेली असेल तर बहुधा काही नाही. नवा एक्स-रे जुन्याशेजारी ठेवून ठरवता येतं. वाढीचा जोर असलेल्या मुलीचा ५० अंशांचा बाक मात्र तेवढ्या काळात बराच वाढून ताठर होऊ शकतो, आणि मग जास्त मणके जोडावे लागू शकतात.