वाडा-शाळा (सातारा)

जुना वाडा न पाडता, त्याचा सांगाडा आणि मूळ बांधसामग्री राखून तो आजच्या शाळेसाठी किंवा अभ्यासिकेसाठी दुरुस्त करण्याची पद्धत. वाड्यात शाळा भरण्याचे सातारकरांना अप्रूप नाही. येथील जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४. पुढे शाळेला छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव मिळाले, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

या भागातल्या वाड्याला काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळया आणि मधे विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती असतात. चौकातून उजेड आणि वारा मिळतो, त्यामुळे दिवसा दिव्यांची गरज कमी पडते. वाड्याचा खरा वैरी पाणी. म्हणून काम कौलांपासून आणि पन्हळींपासून सुरू करावे लागते. रंगापासून सुरू केलेले काम पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडते. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि पोपडे सुटतात. ‘सिमेंटने पक्के केले’ असे अभिमानाने सांगितले जाते, तिथे हमखास हेच झालेले दिसते. चुन्यातून ओल बाहेर पडते. कळीचा चुना विझवून, वाळू आणि विटांची भुकटी घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, मळतात. त्यात गुळाचे पाणी आणि हिरडा घालण्याची जुनी रीत आहे. हा गिलावा सावकाश घट्ट होतो, तेवढे दिवस त्याला ओलावा द्यावा लागतो. ठेकेदाराला घाई असते ती इथेच.

तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते. सुतार हातोडीने ठोकत जातो. आवाज बद्द आला की तेवढाच भाग कापून नव्या सागाचा सांधा देतो. अख्खी तुळई बदलण्याची वेळ क्वचितच येते.

शाळेमुळे भार मात्र वाढतो. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, वर्गासाठी ३००, आणि पुस्तकांच्या कोठीसाठी ६०० किंवा त्याहून अधिक. म्हणून ग्रंथालय माडीवर न नेता जोत्यावरच ठेवणे शहाणपणाचे. स्वच्छतागृहे मातीच्या भिंतींपासून लांब, परसात बांधतात. विजेच्या तारा भिंत न खोदता वरून नळीतून नेतात. जोत्याच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण लागते. ती दगडाला धक्का न लावता, नंतर काढता येईल अशी करतात.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जिल्ह्याच्या आठवणीत आहे, त्यामुळे खांब-तुळयांचे सांधे तपासल्याशिवाय माडीवर वर्ग भरवू नयेत.