सरायकी: बोली जुनी, नाव नवं आणि दर्जा अजून लटकलेला

पाकिस्तानात निवडणूक आली की 'सरायकी सूबा' (सूबा म्हणजे प्रांत) किंवा 'जनूबी पंजाब' (जनूबी म्हणजे दक्षिण) ही वेगळ्या प्रांताची मागणी हमखास वर येते, मोठे पक्ष शब्द देतात, मतदान उरकलं की विषय परत थंड. आपल्याकडे ही बातमी आलीच तर दोन ओळींत येते, त्यामुळे ही सरायकी कुठली, पंजाबीच की वेगळी, आणि इतकी माणसं बोलत असून तिला सरकारदरबारी जागा का नाही, हे कुणी नीट सांगतच नाही. म्हणून थोडं मागून सुरू करतो.

आधी नकाशा. पंजाबच्या नद्या खाली येऊन जिथे सिंधूला मिळतात तो सगळा पट्टा सरायकीचा. मुलतान, बहावलपूर, मुजफ्फरगढ, डेरा गाझी खान, राजनपूर हे पाकिस्तानी पंजाबातले जिल्हे, वर खैबर पख्तुनख्वातलं डेरा इस्माईल खान, आणि खाली सिंधचा उत्तर भाग. दोन्ही बाजूंना वाळवंट, एकीकडे थळ आणि दुसरीकडे चोलिस्तान, ज्याला तिथले लोक रोही म्हणतात. मधला पट्टा कापसाचा आणि आंब्याचा. २०२३ च्या जनगणनेत २.८८ कोटी लोकांनी मातृभाषा सरायकी नोंदवली, म्हणजे पाकिस्तानच्या लोकसंख्येच्या साधारण १२ टक्के. युरोपातल्या कितीतरी देशांची लोकसंख्या याच्यापेक्षा कमी आहे.

आता नावाची गोष्ट, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. सिंधीत 'सिरो' म्हणजे नदीचा वरचा भाग, उत्तरेकडचा मुलूख. खालच्या सिंधमधले लोक वरून आलेल्यांच्या बोलीला सरायकी किंवा सिराइकी म्हणायचे. म्हणजे हे नाव मुळात शेजाऱ्यांनी दिलेलं. खुद्द मुलतानचा माणूस आपल्या भाषेला मुलतानीच म्हणायचा, बहावलपूरचा रियासती म्हणायचा (रियासत म्हणजे संस्थान), डेऱ्याकडचे लोक डेरावाली, थळमधले थळोची, आणि बऱ्याच ठिकाणी शेतकरी जाटांवरून जटकी. गावागणिक नाव वेगळं आणि बोलणं एकमेकांना आरामात कळणारं. १९६० च्या दशकात मुलतानच्या लेखकांनी आणि अभ्यासकांनी ठरवलं की या सगळ्यांना मिळून एक नाव पाहिजे, आणि त्यांनी सरायकी निवडलं. नाव इतकं अलीकडचं म्हणून विरोधक म्हणतात की भाषाच नवीन, राजकारणासाठी बनवलेली. मला हा आरोप अजिबात पटत नाही. नाव साठ वर्षांचं असेल पण बोली शेकडो वर्षांची आहे आणि ती कागदावरही उतरलेली आहे.

कागदावरच्या या खुणांपैकी दोन तर आपल्या इकडच्या भागाशी जोडलेल्या आहेत. बंगालात सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१९ मध्ये बायबलचा नवा करार या भाषेत छापला, तोही मुलतानी लिपीत. ही लिपी व्यापाऱ्यांची, लंडा नावाच्या लिपी-कुळातली, हुंड्या आणि वह्या लिहायला वापरली जायची, आपल्याकडे मोडी होती तशी. नंतर ती वापरातून गेली, २०१५ मध्ये युनिकोडमध्ये मात्र तिला जागा मिळाली. दुसरी खूण मुंबईची. रिचर्ड बर्टन हा प्रवासी म्हणून नाव झालेला इंग्रज तेव्हा बॉम्बे आर्मीत होता आणि सिंधमध्ये नेमणुकीवर होता, त्याने जटकीचं व्याकरण लिहिलं आणि ते १८४९ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये छापून आलं. पुढे ओब्रायनचा मुलतानी शब्दसंग्रह आला, १९०० मध्ये ज्यूक्सचा कोश आला. म्हणजे भाषा म्हणून हिची नोंद होतच होती, फक्त दर वेळी वेगळ्या नावाने.

भाषा म्हणून ती पंजाबीपेक्षा किती वेगळी, हे कानाने ऐकलं तर पटकन समजतं. पंजाबी ही सुरांची भाषा झालीये, त्यांचा 'घोडा' ऐकला तर सुरुवातीला घ येत नाही, क सारखा उच्चार येतो आणि त्यावर एक खास सूर चढतो. सरायकीत घ हा घच राहतो, भ हा भच, आपल्या मराठीसारखा. दुसरं म्हणजे सरायकीत चार व्यंजनं अशी आहेत की ती बोलताना हवा बाहेर टाकायच्या ऐवजी घशातून किंचित आत ओढली जाते. सिंधीतही हेच. आपल्याकडे देवनागरीत सिंधी छापतात तेव्हा ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी खाली रेघ असलेली अक्षरं दिसतात ना, तेच हे आवाज. 'ॿाल' म्हणजे मूल, 'ॻाल्ह' म्हणजे गोष्ट, बोलणं. अरबी-फारसी वळणाच्या लिपीत सरायकीवाल्यांनी या चार आवाजांसाठी आणि पाचव्या ण साठी वेगळी अक्षरं तयार केली, उर्दूत ती नाहीत. (ण साठी झगडावं लागणं हे आपण मराठी लोक बरोब्बर समजू शकतो.)

आकडे मोजून बघा: हिक, ॾू, त्रै, चार, पंज. त्रै मध्ये संस्कृतचा त्र अजून शाबूत आहे, आपला कधीच गेला. पंजाबीत 'मैं करांगा' तर सरायकीत 'मैं करेसां', हा स वाला भविष्यकाळ, गुजरातीच्या 'करीश'च्या घरातला. 'मला'ला पंजाबी 'मैनूं' म्हणतो, सरायकी 'मेकूं'. आणि 'मी केलं' एवढं वाक्य नुसत्या 'कीतम' या एका शब्दात होतं, कर्ता क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. हे सगळं बघून भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने त्याच्या हिंदुस्थानच्या भाषिक सर्वेक्षणात, १९१९ च्या खंडात, पश्चिमेकडच्या बोली पंजाबीतून बाजूला काढून 'लहंदा' असा वेगळा गट केला आणि मुलतानी वगैरे त्याच्या दक्षिण भागात टाकल्या. लहंदा म्हणजे पश्चिम. स्वतःला लहंदाभाषक म्हणणारा माणूस मात्र कुठे नव्हता, ते नाव सर्वेक्षणातच राहिलं.

बरं, हेही खरं की लाहोरपासून मुलतानपर्यंत चालत गेलात तर भाषा कुठे बदलली याची रेघ ओढता येणार नाही, हळूहळू बदलते. म्हणून पंजाबीवाल्यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. सूफी संत बाबा फरीद, ज्यांच्या रचना गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांचा जन्म मुलतानजवळचा, आणि त्यांच्यावर दोन्ही भाषा हक्क सांगतात. पण अशी सलग साखळी मराठी आणि कोकणीतही आहेच, कोकणी वेगळी भाषा की बोली यावर आपल्याकडे किती वर्षं भांडण चाललं, शेवटी १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ मध्ये गोव्यात राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. भाषा की बोली हा निकाल शेवटी सरकारी कागदावर लागतो, आणि सरायकीचं सगळं दुखणं त्याच कागदात आहे असं मला वाटतं.

कारण बघा काय झालं. मुलतान हा अकबराच्या काळापासून स्वतंत्र सुभा, लाहोरचा सुभा वेगळा. १८१८ मध्ये रणजितसिंगाने मुलतान जिंकलं, तिथला नवाब मुजफ्फर खान लढताना मारला गेला, आणि मुलतानचा कारभार लाहोरच्या हाताखाली गेला. १८४९ मध्ये इंग्रजांनी शीख राज्य खालसा केलं तेव्हा त्यांनी हा सगळा प्रदेश एकगठ्ठा 'पंजाब' म्हणून घेतला आणि कोर्टकचेरीत, शाळेत उर्दू आणली. त्याच्या थोडं आधी, १८४३ मध्ये, सिंध इंग्रजांकडे आला होता आणि तो मात्र मुंबई इलाख्याला जोडला गेला. मुंबई सरकारचं धोरण होतं की कारभार त्या त्या प्रांताच्या भाषेत करायचा, जसा इकडे मराठीत आणि गुजरातीत होत होता, त्यामुळे सिंधीसाठी १८५३ मध्ये ५२ अक्षरांची वर्णमाला पक्की झाली, शाळेची पुस्तकं निघाली, मुलकी नोकरीसाठी सिंधी येणं गरजेचं झालं. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन भाषा, आवाज सारखे, सूफी कवी सामाईक (सिंधचे सचल सरमस्त सिंधीत आणि सरायकीत दोन्हीत लिहीत), पण एकीची फाइल मुंबईला गेली आणि दुसरीची लाहोरला. आज सिंधी शाळेत आहे, परीक्षेत आहे, सरकारी कामात आहे. पुढे डेरा इस्माईल खानही १९०१ मध्ये पंजाबातून काढून नव्या सरहद्द प्रांतात (आताचा खैबर पख्तुनख्वा) टाकलं, म्हणजे सरायकी मुलखाचे आणखी तुकडे.

फक्त बहावलपूर संस्थान या सगळ्यातून जरा बाजूला राहिलं. तिथे नवाबाचं राज्य, दरबाराची आणि शिक्षणाची भाषा फारसी-उर्दू असली तरी घरात, बाजारात, दर्ग्यावर रियासतीच. याच भागातले सूफी कवी ख्वाजा गुलाम फरीद (वरचे बाबा फरीद वेगळे), १९०१ मध्ये वारले, नवाब सादिक चौथे त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, होते. त्यांच्या काफ्या, म्हणजे गाता येणारी सूफी पदं, हा सरायकीचा खरा कणा आहे. फरीद रोहीत जाऊन राहायचे, आणि त्यांच्या काफ्यांत ते वाळवंट नुसतं देखावा म्हणून येत नाही, पाऊस पडल्यावर भरणारे टोबे (पाण्याची तळी), गुरं घेऊन तिकडे निघालेली कुटुंबं, पीलूची फळं वेचायला निघालेल्या बायका, सगळं नावानिशी येतं. मिठनकोटला त्यांची समाधी आहे, आणि आजही सरायकी माणसाला भाषेचं प्रमाण विचारलं तर तो फरीदकडेच बोट दाखवतो. ज्या भाषेत एवढा कवी होऊन गेला तिला बोली म्हणून झटकणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

१९४७ ने चित्र उलटंपालटं केलं. मुलतान-बहावलपूरचे हिंदू आणि शीख भारतात आले, दिल्ली, हरियाणा, राजस्थान, पंजाबात विखुरले, त्यांच्या घरात मुलतानी आणि बहावलपुरी काही काळ टिकली पण नातवंडं हिंदी-पंजाबीवर गेली. तिकडे पूर्व पंजाबातून निर्वासित येऊन वसले. त्याआधी कालव्यांमुळे पंजाबी शेतकरी आलेच होते, त्यांना आबादकार म्हणतात. बहावलपूर ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानात सामील झालं आणि १९५५ मध्ये 'वन युनिट'मध्ये, म्हणजे सगळा पश्चिम पाकिस्तान मिळून एकच प्रांत, त्यात विरघळलं. १९६० च्या सिंधू करारात सतलजचं पाणी भारताच्या वाट्याला गेलं, त्याचा फटका सगळ्यात जास्त बहावलपूरला. नदी कोरडी पडली ही तक्रार तिथल्या गाण्यांत आणि भाषणांत आजही आहे.

१९७० मध्ये वन युनिट मोडलं. सिंध परत सिंध झाला, सरहद्द प्रांत परत आला, बलुचिस्तान नव्याने प्रांत झाला, पण बहावलपूर परत न करता पंजाबला जोडून टाकलं. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आंदोलन दडपलं गेलं. इथून एक महत्त्वाचा बदल झाला. नुसत्या जुन्या संस्थानाची मागणी केली तर मुलतान आणि डेरेवाले कशाला सोबत येतील, सगळ्यांना जोडणारी गोष्ट भाषाच होती. १९७५ च्या मार्चमध्ये मुलतानला मोठी सरायकी साहित्य परिषद भरली आणि तिथून हे नाव पंजाबभर कानावर पडायला लागलं. पुढच्याच वर्षी लंडनचे भाषाअभ्यासक क्रिस्टोफर शॅकल यांचं सरायकीवरचं व्याकरणाचं पुस्तक आलं, आणि १९८१ च्या जनगणनेत सरायकी पहिल्यांदा स्वतंत्र मोजली गेली, सुमारे १० टक्के घरं निघाली. तोवर हे सगळे लोक पंजाबीच्या खात्यात होते, त्यामुळे लाहोरवाल्यांना हा आकडा का झोंबला ते समजण्यासारखं आहे.

राजकीय बाजू पटकन सांगतो, कारण तिथे गोल गोल फिरणंच जास्त आहे. १९८९ मध्ये ताज मुहम्मद लंगाह यांनी सरायकी पार्टी काढली, मतं फार कधी मिळाली नाहीत कारण मुलखात जमीनदार आणि पीर (सूफी धर्मगुरू) घराण्यांचं वजन, आणि ती सगळी मोठ्या पक्षांत. मे २०१२ मध्ये पंजाब विधानसभेने जनूबी पंजाब आणि बहावलपूर दोन्हींसाठी ठराव केले, २०१३ मध्ये आयोगाने 'बहावलपूर जनूबी पंजाब' असं जोडनाव सुचवलं, त्यावर कुणीच खूश नव्हतं. २०१८ मध्ये इम्रान खान यांच्या पक्षाने प्रांताचा वायदा केला, २०२० मध्ये त्याऐवजी सेक्रेटरिएट मिळालं, तेही अर्धं मुलतानला आणि अर्धं बहावलपूरला. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येते. मोठे पक्ष 'जनूबी पंजाब' म्हणायला तयार असतात, 'सरायकी' म्हणायला नाही, कारण दक्षिणेत पंजाबी आबादकारांची मतंही आहेत. सरायकी कार्यकर्ते उलट म्हणतात की आम्ही कुणाचा दक्षिण भाग नाही, आमचा वसेब आहे, म्हणजे आमची वस्ती, आमचा मुलूख.

आणि दर्ज्याचं म्हणाल तर पाकिस्तानच्या घटनेत राष्ट्रभाषा उर्दू, सोबत कलम २५१ मध्ये सोय आहे की प्रांतिक विधानसभा आपल्या प्रांताच्या भाषेसाठी कायदा करू शकते. पंजाबने खुद्द पंजाबीसाठीसुद्धा सिंधसारखं काही केलेलं नाही, तिथल्या सुशिक्षित वर्गाने उर्दूच धरली, मग त्याच सभागृहात सरायकीची पाळी येणार कधी. बहावलपूरच्या इस्लामिया युनिव्हर्सिटीत १९८९ पासून सरायकी विभाग आहे, मुलतानच्या युनिव्हर्सिटीतही शिकवतात, रेडिओ मुलतान १९७० पासून आणि रेडिओ बहावलपूर १९७५ पासून सरायकी कार्यक्रम देतात, 'झोक' नावाचं दैनिक निघतं, 'वसेब' नावाचं चॅनल आहे. म्हणजे एम.ए. करता येतं, पण त्याच बहावलपूरमधलं पोर पहिलीत गेलं की पाटीवर पहिलं अक्षर उर्दूचं किंवा इंग्रजीचं गिरवतं, आणि मुलतानच्या मध्यमवर्गीय घरांत आईवडील एकमेकांशी सरायकीत बोलतात आणि मुलाकडे वळले की उर्दूत.