दुखणं अंगावर काढू नका, आधी भेटा

फिजिओथेरपी म्हटलं की शेक देणारं मशीन आठवतं, नाहीतर ऑपरेशननंतरचे व्यायाम. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, तरी गुण येईना, की मग लोक आमच्याकडे येतात. तोवर सांधा आखडलेला असतो, स्नायू झिजलेले असतात. आमची एकच विनंती आहे: आधी या. १९७८ साली अल्मा-आटा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यातही प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे प्रतिबंध आणि उपचारांच्या बरोबरीने पुनर्वसन (पेशंटला पुन्हा हिंडतं-फिरतं करणं), असंच म्हटलेलं आहे. ही सेवा घराजवळ मिळाली तरच तिचा खरा उपयोग, म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्ट तुमच्या घरीही येतो.

घरी आल्यावर आम्ही आधी तुमची उठबस बघतो. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का? वळताना पाऊल अडखळतं का? मग एक साधी चाचणी घेतो. उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. वयस्कर माणसाला याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजून मांड्यांची ताकद आणि तोल यांवर काम सुरू करतो. पलंगाची उंची, सरकणारं पायपुसणं, रात्री बाथरूमकडे जाताना लागणारा अंधार हेही पाहतो. दवाखान्यातल्या टेबलावर यातलं काहीच दिसत नाही.

पक्षाघाताच्या पेशंटला घरचे मायेनेच उठवतात, पण लुळा हात धरून. खांद्याचे स्नायू आधीच ढिले पडलेले असतात. त्या ओढण्याने सांधा खाली उतरतो आणि दुखणं महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. हात ओढायचा नाही. पावलं जमिनीवर नीट टेकवायची, पेशंटला पुढे झुकवायचं आणि पाठीला, कमरेला आधार देऊन उठवायचं. हे घरच्यांच्या हातात बसेपर्यंत आम्ही करून घेतो. मशीन लावण्यापेक्षा ही शिकवणी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

कंबर धरली की लोक आडवे होतात आणि एमआरआयची घाई करतात. बहुतेक कंबरदुखीत दोन्हीची गरज नसते. झोपून राहिल्याने ती उलट लांबते. मात्र लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर आमची वाट पाहू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटते, हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून निदान ३ महिने केले, तर पुष्कळजणींना चांगला फरक पडतो. निःसंकोच सांगा.

पहिल्या भेटीच्या वेळी जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि रोजच्या वापरातल्या चपला समोर ठेवा. पेशंटचं सगळं जो करतो, तो माणूस त्या वेळी घरी हवाच.