कोंबुचा : निवड आणि आरोग्यगुण

कोंबुचा हे साखर घातलेला चहा आंबवून तयार केलेले, आंबट-गोड आणि किंचित फसफसणारे पेय आहे. चहा काळा असो वा हिरवा, त्यात जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र नांदणारी वसाहत सोडली की आठवडा-दोन आठवड्यांत तो आंबतो. या वसाहतीला जगभर ‘स्कोबी’ म्हणतात. ती द्रवावर जाड, रबरासारख्या सायीच्या रूपात तरंगते. दह्याला जसे विरजण, तसे कोंबुचाला आधीच्या खेपेतले आंबट पाणी. साय डोळ्यांत भरते म्हणून तिलाच सगळे श्रेय दिले जाते, पण नवी खेप लावण्याचे खरे काम हे पाणी करते.

पेयाचा उगम सहसा ईशान्य चीनमध्ये, मांचुरियाच्या परिसरात मानला जातो. इसवीसनापूर्वीच्या चिनी सम्राटांशी जोडलेल्या कथा विक्रीच्या पत्रकांत आढळतात, त्या दंतकथा समजाव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे पेय रशियात रुळले होते. तिथे त्याला ‘चायनी ग्रिब’ म्हणजे चहाची बुरशी म्हणतात, पण स्कोबी बुरशी नव्हे. जपानी भाषेत ‘कोंबुचा’ म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाचे गरम पेय. आंबवलेल्या चहाला जपानी लोक ‘कोचा किनोको’ म्हणतात. नावाची ही अदलाबदल पश्चिमेत झाली आणि तिथूनच ते भारतात आले. आज मुंबई, पुणे, गोवा, बंगळुरू इथल्या कॅफेंत आणि किराणा अ‍ॅपवर ते सहज मिळते.

आंबताना काय घडते

यीस्ट आधी साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करते आणि त्यांपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अ‍ॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू हवेतला प्राणवायू वापरून त्या अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचे आम्ल, करतात. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही बनते. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू सेल्युलोज विणतो, तीच ती साय. तयार पेयाचा सामू (पीएच) साधारण २.५ ते ३.५ असतो आणि या आंबटपणामुळेच बहुतेक रोगजंतू त्यात तग धरत नाहीत.

यातला प्राणवायूचा भाग ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. उघड्या बरणीत अल्कोहोल होते आणि संपतही जाते. बाटली घट्ट बंद केली की जिवाणूंना हवा मिळत नाही, पण यीस्टला तिची गरज नसते. उरलेल्या साखरेवर ते अल्कोहोल आणि वायू करत राहते. म्हणून कारखान्यातून ०.५ टक्क्याच्या आत अल्कोहोल घेऊन निघालेली कच्ची, म्हणजे पाश्चराइझ न केलेली, बाटली उन्हाळ्यात आठवडाभर फ्रिजबाहेर राहिली तर ती मर्यादा ओलांडू शकते. २०१० साली अमेरिकेत याच कारणाने अनेक दुकानांनी कोंबुचा तात्पुरता हटवला होता. भारतातही ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेले पेय नियमांनुसार मद्यात मोडते. ‘हार्ड कोंबुचा’ मात्र मुद्दाम जास्त अल्कोहोलचा केलेला असतो, ते मद्यच आहे.

आरोग्याला फायदा होतो का

पचन सुधारते, यकृत ‘स्वच्छ’ होते, प्रतिकारशक्ती वाढते, सांधेदुखी थांबते, असे अनेक दावे केले जातात. त्यांपैकी बहुतेकांचा आधार परीक्षानळीतले किंवा उंदरांवरचे प्रयोग आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात संशोधकांनी माणसांवरचे अभ्यास शोधले तेव्हा निष्कर्ष देणारा एकच अभ्यास हाती लागला, आणि त्यातही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

त्यानंतरचा सर्वांत लक्षवेधी प्रयोग २०२३ चा. टाइप २ मधुमेह असलेल्या १२ जणांना चार आठवडे रोज सुमारे २४० मिली कोंबुचा किंवा तशाच चवीचे दुसरे पेय दिले आणि नंतर अदलाबदल केली. कोंबुचाच्या काळात उपाशीपोटीची सरासरी साखर १६४ वरून ११६ मिग्रॅ प्रति डेसिलिटरवर आली. आकडा मोठा आहे, पण माणसे बाराच होती आणि सर्वांची पूर्ण माहितीही हाती आली नव्हती. एवढ्यावरून मधुमेहाच्या रुग्णाने गोळी कमी करणे धोक्याचे ठरेल. शिवाय बाजारातल्या प्रत्येक बाटलीतले जिवाणू आणि साखर वेगळी, त्यामुळे एका ब्रँडचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू होईलच असे नाही.

‘प्रोबायोटिक’ हा शब्दही जपून वाचावा. या शब्दाच्या व्याख्येत तीन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. भारतीय नियमांत प्रोबायोटिक अन्नाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव अपेक्षित आहेत. कोंबुचातले अ‍ॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू प्राणवायूवर जगणारे आहेत. आतड्यात टिकून उपयोगी पडतात म्हणून अभ्यासलेले लॅक्टोबॅसिलस वेगळे. ते काही खेपांत असतात, काहींत नसतात. पाश्चराइझ केलेल्या बाटलीत मूळचे जिवाणू मेलेले असतात. काही उत्पादक नंतर बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स घालतात, कारण त्याचे बीजाणू उष्णता आणि आम्ल सोसतात. अशा बाटलीवर त्याचे नाव आणि संख्या छापलेली असते. दाव्यापुरते बोलायचे तर ही बाटली ‘पारंपरिक, जिवंत’ म्हणवणाऱ्या अनेक बाटल्यांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणून ज्यांचे कौतुक होते ती पॉलिफेनॉल चहातून येतात. बिनसाखरेच्या चहातही ती असतातच. यकृतशुद्धीच्या दाव्यामागे ग्लुकुरोनिक आम्लाचे नाव येते. यकृत ते स्वतःच तयार करते, आणि ते पिऊन यकृताचे काम सुधारल्याचे माणसांत दाखवले गेलेले नाही. शाकाहारी लोकांनी बी१२ जीवनसत्त्वासाठी कोंबुचावर विसंबू नये.

एक फायदा मात्र ठोस आहे. कोला किंवा डबाबंद सरबत रोज पिणाऱ्याने त्याऐवजी कमी साखरेचा कोंबुचा घेतला तर साखर निम्म्याहून खाली येते. बिनसाखरेचे ताक पिणाऱ्याला मात्र कोंबुचाकडे वळून आरोग्याच्या दृष्टीने काही मिळवायचे उरत नाही. ताक स्वस्त आहे, त्यात प्रथिने व कॅल्शियम आहे आणि दातांवर त्याचा मारा कमी आहे.

बाटली निवडताना

सर्वांत आधी मागचा पोषण तक्ता पाहावा. घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर दिसली म्हणून घाबरू नये, कारण आंबवण्यासाठी ती घालावीच लागते. शेवटी किती उरली हे तक्त्यातच कळते. आकडा ‘प्रति १०० मिली’ असतो आणि बाटली २५० ते ३३० मिलीची, म्हणून गुणाकार करावा. १०० मिलीला ४.५ ग्रॅम असेल तर ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे साखर पोटात जाते. तेवढ्याच कोलात ती ३५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. १०० मिलीला ३ ग्रॅमपर्यंत चांगले, ५ च्या वर असेल तर ते सरबत समजून प्यावे. आंबा, लिची, पेरू अशा फळांच्या प्रकारांत रस नंतर मिसळलेला असतो आणि साखर बहुधा त्यामुळे चढते. आले, लिंबू किंवा साधा प्रकार त्या मानाने कमी गोड असतो. साखर शून्य आणि तरी चव गोड असेल तर ९६० (स्टीव्हिया) किंवा ९५५ (सुक्रालोज) हे गोडव्याच्या पदार्थांचे क्रमांक घटकांच्या यादीत शोधावेत.

मग घटक. पाणी, साखर, चहा, कोंबुचा कल्चर आणि फळ किंवा मसाला एवढ्यावर काम भागते. ‘२९०’ दिसले तर बुडबुडे बाहेरून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आहेत. ते अपायकारक नाही, काही चांगले उत्पादकही असे करतात. ‘३३०’ किंवा ‘२६०’ या क्रमांकाची आम्ले आणि ‘कोंबुचा अर्क’ एकत्र दिसली तर आंबटपणा बहुधा आंबवण्यातून आलेला नसतो. अशा पेयासाठी कोंबुचाची किंमत मोजू नये.

कच्चा कोंबुचा दुकानात फ्रिजमध्येच असायला हवा. तो साध्या फळीवर मांडलेला दिसला तर घेऊ नये. पाश्चराइझ केलेला किंवा बारीक गाळलेला बाहेर राहू शकतो आणि तसे लेबलवर लिहिलेले असते. तळाचा तपकिरी गाळ आणि तरंगणारे बारीक तंतू यीस्टचे व सेल्युलोजचे असतात, त्यांनी काही बिघडत नाही. फुगलेले झाकण, फुगलेला कॅन किंवा उघडताच उसळणारा फेस म्हणजे बाटली उबेत राहिली होती. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि अल्कोहोलबद्दलची सूचना यांपैकी एकही नसेल तर ती बाटली, कितीही ‘घरगुती’ असली तरी, परत ठेवावी.

किती आणि कोणी

सुरुवात १०० ते १२० मिलीने करावी. निरोगी माणसाला दिवसाला साधारण एवढ्या मात्रेने अपाय होत नाही, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९५ साली म्हटले होते. तेव्हा आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्लाचे प्रमाण धोकादायक वाढले होते आणि एकीचा मृत्यू झाला. दोघींच्या स्कोबीचे मूळ एकच होते, पण आजार कोंबुचामुळेच झाला हे सिद्ध झाले नाही.

उपाशीपोटी घेतल्यास अनेकांना जळजळ आणि गॅस होतो. घोट घोट दोन तास पिण्यापेक्षा जेवणाच्या आसपास एकदम पिऊन साध्या पाण्याने चूळ भरावी, कारण एवढ्या आम्लाने दातांचे आवरण झिजते. लगेच ब्रश करू नये. रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी जेवणानंतर तासभर थांबावे, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. कॅफीन चहापेक्षा कमी असले तरी असतेच.

गरोदर व स्तनदा स्त्रिया, लहान मुले, केमोथेरपी किंवा अवयवरोपणानंतरची औषधे घेणारे आणि मूत्रपिंड वा यकृताचा गंभीर आजार असलेले यांनी कच्चा कोंबुचा टाळावा. दारू सोडलेल्यांनी व डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध घेणाऱ्यांनी तर थेंबभरही घेऊ नये.

घरी करताना

१ लिटर पाण्याला ६० ते ८० ग्रॅम पांढरी साखर, ५ ते ८ ग्रॅम साधी चहापत्ती आणि १०० मिली जुने आंबट पाणी हे प्रमाण. चहा गाळून ३० अंशांखाली निववावा, गरम चहात जिवाणू मरतात. आंबट पाणी आधीच मिसळावे म्हणजे सुरुवातीपासून आम्ल असते आणि बुरशीला संधी मिळत नाही. बर्गामॉटच्या तेलाचा अर्ल ग्रे किंवा चहा मसाला घातलेली पत्ती नको, तेलांनी वसाहत मंदावते. तोंडाला घट्ट विणीचे सुती कापड बांधावे. मलमलीच्या जाळीतून चिलटे आत जाऊन अंडी घालतात.

२४ ते २८ अंशांत ७ ते १० दिवस लागतात. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात पाचव्या दिवशीच चव पाहावी, नाहीतर व्हिनेगर हाती येते. सामू पट्टीवर ४.२ च्या खाली यायलाच हवा. सातव्या दिवशीही तो वर असेल तर विरजण दुबळे होते, ती खेप टाकून द्यावी. नवी साय पांढरट, ओलसर, खडबडीत असते. कोरडे, लोकरीसारखे हिरवे, काळे वा पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. मग साय धुऊन वाचवण्याचा मोह नको, द्रवासकट सगळे फेकावे.

बुडबुड्यांसाठी बंद बाटलीत ठेवायचे तर वर चार बोटे जागा सोडून एक-दोन दिवसच ठेवावे आणि मग फ्रिजमध्ये. पातळ काचेची चौकोनी बाटली दाबाने फुटते. बरणी काचेचीच हवी. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आम्लात विरघळते आणि झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यातून शिसे उतरू शकते. ऑस्ट्रेलियात अशा भांड्यातला कोंबुचा पिऊन शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणी त्यामुळे या कामाला घेऊ नये.