तळाला चिनी अक्षरं आहेत म्हणून बरणी लाखाची होते का?

‘घरातल्या जुन्या चिनी भांड्याच्या तळाला बादशहाचा शिक्का असेल तर ते त्याच काळातलं आणि लाखमोलाचं,’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या घरांच्या माळ्यावरून अशा बरण्या-बश्या अजून उतरतात. आशा वाटणारच.

पण शिक्क्यावरून काळ ठरत नाही. चीनच्या कांग्शी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. त्याच्या नावाचा शिक्का १९व्या शतकातल्या चिनी कारागिरांनीही सर्रास लिहिला, कधी जुन्या कामाला मान म्हणून, कधी गिऱ्हाईक मिळावं म्हणून. उलट तळाला इंग्रजीत ‘चायना’ असेल, तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

म्हणून आधी शिक्का बाजूला ठेवा. भांडं उपडं करून बुडाची बिनझिलईची कड बघा. खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात, घासून आणलेले बरेचदा एकाच दिशेचे. मग भिंग घ्या. छापील नक्षीत बऱ्याचदा बारीक ठिपके दिसतात, हातच्या कामात कुंचल्याचे कमी-जास्त दाट फटकारे.

लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी? आपल्याकडे ‘चिनी माती’ हे मातीकामाचं नाव आहे, देशाचं नव्हे. तसल्या कितीतरी बरण्या भारतातच भाजलेल्या.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली बघा. केसाएवढी चीरही भाव बराच पाडते. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर पुरातन वस्तूंबद्दलच्या १९७२च्या भारतीय कायद्यानुसार ती स्वतःहून परदेशी विकायला पाठवता येत नाही.